परत न पाठवणारी रुग्णालयं

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर सकाळी सातलाच माणसांची दाटी होते. रात्रभर एस.टी.त बसून कोकणातून आलेलं कुटुंब, कसाऱ्याहून पहिली लोकल धरून आलेला शेतमजूर, लालबागहून नातवाचा हात धरून चालत आलेली आजी. जवळजवळ प्रत्येकाकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तीत जुने केस पेपर, एक्स-रेचं मोठं पाकीट, पाण्याची बाटली आणि चपाती-भाजीचा डबा. खिडकी उघडली की नाममात्र शुल्कात केस पेपर निघतो. त्यावर नाव, वय, पत्ता आणि कुठल्या ओपीडीला जायचं ते येतं. विमा आहे का, पैसे किती आणलेत, हे त्या खिडकीवर कोणी विचारत नाही.

हे केईएम. संस्थेनं स्वतः दिलेल्या माहितीनुसार इथे सुमारे १८०० खाटा आहेत. वर्षाला १८ लाखांच्या आसपास रुग्ण ओपीडीत येतात आणि ८५ हजारांच्या आसपास दाखल होतात. पण केईएम एकटं उभं नाही. मुंबई महानगरपालिका चालवत असलेल्या रुग्णालयांच्या मोठ्या गटातलं ते सर्वांत ओळखीचं नाव. बाहेरगावच्या माणसाचा इथे नेहमी घोटाळा होतो. जे.जे., कामा, सेंट जॉर्ज, जी.टी. ही राज्य सरकारची रुग्णालयं. टाटा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. महापालिकेची ती केईएम, सायन, नायर आणि कूपर ही चार वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, आणि १९३३ पासूनचं नायर दंत महाविद्यालय. त्यांच्याखालोखाल घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती, वांद्र्याचं आणि कुर्ल्याचं अशी दोन भाभा, सांताक्रूझचं व्ही. एन. देसाई, मुलुंडचं एम. टी. अगरवाल, गोवंडी-कांदिवलीची शताब्दी अशी उपनगरीय रुग्णालयं. साथीच्या रोगांसाठी कस्तुरबा, क्षयासाठी शिवडी, कुष्ठरोगासाठी वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ. डोळ्यांचं आणि कान-नाक-घशाचं वेगळं. सगळ्यांत खालच्या पायरीवर प्रसूतिगृहं, दीडशेहून अधिक दवाखाने आणि २०२२ पासून वस्त्यांत सुरू झालेले ‘आपला दवाखाना’.

एखाद्या शहरानं स्वतःच्या कराच्या पैशातून एवढी मोठी व्यवस्था उभी केल्याची उदाहरणं देशात फार नाहीत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य मानलेलं आहे. व्यवहारात या कर्तव्याचा अर्थ असा झाला, की दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. या एका नियमानं मुंबईला काय काय दिलं आणि त्याची किंमत आज कोण मोजतंय, हे मुंबईकरानं एकदा नीट पाहायला हवं.

गिरणगावातलं स्वाभिमानाचं काम

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टर व्हायचं तर ग्रँट मेडिकल कॉलेजात जावं लागे. तिथल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः इंग्रजांना मिळत. विलायतेतून उत्तम पदव्या घेऊन आलेला भारतीय डॉक्टरही तिथे दुय्यम जागेवर राही. ही सल अनेकांच्या मनात होती. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी महापालिकेला मोठी देणगी दिली, ती एका अटीवर: इथे शिकवणारे भारतीयच असतील. १९२६ मध्ये ते महाविद्यालय आणि त्याला जोडून किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय परळला सुरू झालं. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनीच या इमारतीचा आराखडा केला होता. सुरुवातीची बरीच वर्षं डॉ. जीवराज मेहता तिथले डीन होते. गांधीजींच्या निकटच्या वर्तुळातले हे डॉक्टर पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जागा परळची निवडली गेली, याला फार अर्थ होता. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. तीन पाळ्यांत काम करणारा कामगार, त्याची खोकणारी छाती, यंत्रात सापडलेली बोटं, खोलीत दहा-दहा माणसं राहत असल्यानं पसरणारे आजार, हे सगळं रुग्णालयाच्या दारातच होतं. ज्या वस्तीला रुग्णालयाची सर्वांत जास्त गरज, तिच्या मधोमध ते बांधलं गेलं.

नायरची कथा याच प्रवाहातली. असहकार चळवळीच्या दिवसांत, १९२१ मध्ये, नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं. डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या, बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर यांच्या नावानं धर्मादाय रुग्णालय दिलं. देसाई टोपीवाला यांच्या देणगीनं महाविद्यालयाला बळ आलं. आणि १९४६ मध्ये हे सगळं महापालिकेनं आपल्याकडे घेतलं. सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये लष्कराच्या रिकाम्या बराकींत १० खाटांवर सुरू झालं. आज तिथे हजारावर खाटा आहेत.

अनेक दशकं या रुग्णालयांचे मोठे सर्जन आणि फिजिशियन ‘ऑनररी’ म्हणून काम करत. सकाळी महापालिकेच्या वॉर्डात राउंड, ओपीडी, शस्त्रक्रिया. दुपारनंतर स्वतःचा व्यवसाय. शहरातला नावाजलेला डॉक्टर ज्या हातांनी श्रीमंताचं ऑपरेशन करी, त्याच हातांनी गिरणी कामगाराचंही करी. पुढे पूर्णवेळ अध्यापकांची पिढी आली आणि त्यांतल्या काहींनी या वॉर्डांचं जग मराठी वाचकांपर्यंत आणलं. डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ आजही अनेक घरांतल्या कपाटात सापडतं. केईएममध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या आणि आयुर्वेदातल्या औषधांवर आधुनिक पद्धतीनं संशोधन करणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी त्याच हातानं ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ ही झाडाफुलांवरची पुस्तकं लिहिली.

साथी आल्या, तेव्हा

पोवाड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम ही जोडी माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापणारे हे हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. घर सुटलेल्या, रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये माटुंग्याला त्यांच्या पुढाकारानं आश्रम उभा राहिला. तेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. तेव्हा या आजारावर औषध नव्हतं. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. आता तिथे कुष्ठरोगाचं संग्रहालयही आहे. याच आवारात पुढे मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय आलं. ज्या आजाराच्या माणसाला लोक लांब ठेवतात, त्याला जवळ घेणारी जागा शंभर वर्षांनीही तशीच कामाला आली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि शहर हादरलं. हजारो माणसं गाव गाठायला निघाली. त्या दिवसांत आर्थर रोडवरचं साथीच्या रोगांचं म्युनिसिपल रुग्णालय प्लेगच्या रुग्णांनी भरलं. तेच आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण दाखल झाले, तेही कस्तुरबातच. सुरुवातीच्या चाचण्यांचा भार तिथल्या प्रयोगशाळेनं उचलला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विषाणूंचा जनुकीय क्रम तपासणारी प्रयोगशाळा त्याच आवारात सुरू झाली. शंभर-सव्वाशे वर्षं एखादी संस्था एकाच कामासाठी तयार ठेवलेली असली, की संकटाच्या पहिल्या दिवशी तिचा काय उपयोग होतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

कोविडमध्ये नायर पूर्णपणे कोविड रुग्णालय झालं. कोविड झालेल्या गर्भवतींना अनेक ठिकाणी दारातून परत पाठवलं जात होतं, तेव्हा त्यांची बाळंतपणं नायरनं केली. केईएम, सायन आणि कूपरच्या निवासी डॉक्टरांनी पीपीई किट घालून सहा-सहा, आठ-आठ तास पाण्याचा घोटही न घेता काम केलं. त्वचारोग, नेत्ररोग, अस्थिरोग असे विषय शिकायला आलेली मुलंमुली ऑक्सिजनच्या वॉर्डात उभी होती. भारतात लशींच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा केईएम, नायर आणि सायन या तिन्ही ठिकाणी स्वयंसेवक दंडावर सुई घ्यायला आले.

शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाचं नाव घेताना माणसं आजही आवाज खाली आणतात. हजाराच्या आसपास खाटांचं हे रुग्णालय औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाशी रोज लढतं. रुग्ण बहुतेक वेळा तरुण असतो, दाटीच्या खोलीत राहणारा, कमावता. पूर्वी अशा क्षयाचा उपचार दीड-दोन वर्षं चाले. रोजच्या इंजेक्शनांनी ऐकू येणं कमी होई, मळमळ थांबत नसे, मध्येच औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी असे. बेडाक्विलीनसारखी नवी औषधं आली आणि अनेक रुग्णांचा उपचार सहा महिन्यांच्या गोळ्यांवर आला. हा बदल घरोघरी पोहोचवायचा तर शिवडीसारखी जागा लागतेच. इथल्या परिचारिका आणि कामगारांनाही क्षयाची लागण झाली आहे, काहींनी त्यात जीव गमावला आहे. तरीही दुसऱ्या दिवशीची पाळी कोणीतरी भरतंच.

दुधाची आणि त्वचेची पेढी

या रुग्णालयांचं मोठेपण सांगताना माणसं मोठ्या शस्त्रक्रियांची नावं घेतात. सायनमधली दोन कामं मात्र जवळून पाहण्यासारखी आहेत, कारण ती गरजेपोटी, हाताशी होतं त्यातून उभी राहिली.

१९८० च्या दशकात सायनच्या नवजात विभागात डॉ. आर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. धारावी अगदी शेजारी. कमी वजनाची, मुदतपूर्व जन्मलेली बाळं मोठ्या संख्येनं येत आणि जंतुसंसर्गानं दगावत. डब्यातलं दूध आणि बाटली हे त्यातलं एक मोठं कारण होतं. विभागानं बाटली हद्दपार केली. आईला बाळापासून लांब न ठेवता तिला विभागातच आणलं आणि आईच्याच दुधावर भर दिला. पण काही बाळांची आई आजारी असे, काहींच्या आईला दूध येत नसे, काहींची आई बाळंतपणातच गेलेली असे. त्यांच्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी इथे मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली पेढी मानली जाते.

पेढीचं काम साधं दिसतं, पण त्यात एकही पायरी चुकवून चालत नाही. स्वतःच्या बाळाचं पोट भरून ज्या आईकडे दूध उरतं, तिलाच विचारलं जातं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात. हात आणि स्तन स्वच्छ धुऊन आई पंपानं दूध काढते. ते निर्जंतुक स्टीलच्या भांड्यांत जमा होतं, मग ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून लगेच थंड केलं जातं. त्यातला थोडा भाग जंतू तपासायला प्रयोगशाळेत जातो. अहवाल स्वच्छ आला, तरच ते दूध उणे २० अंशांत गोठवून ठेवतात. मग हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळाला नळीनं ते चार-पाच मिलिलिटर, दर दोन तासांनी मिळतं. धारावीतल्या एका बाईचं दूध कुर्ल्याच्या एका अनोळखी बाळाच्या पोटात जातं आणि कोणी कुणाची जात-धर्म विचारत नाही. आज देशभर अशा पेढ्या आहेत. त्यांतल्या अनेक सायनकडे पाहून काम शिकल्या.

दुसरं काम त्वचेचं. स्टोव्हचा भडका, सिलिंडरचा स्फोट, अंगावर ओतून घेतलेलं किंवा ओतलेलं रॉकेल. सायनच्या जळीत विभागात येणाऱ्या बायकांचा इतिहास हा घराघरांतल्या हिंसेचाही इतिहास आहे. अर्ध्याहून अधिक शरीर भाजलं, तर जखम झाकायला रुग्णाची स्वतःची त्वचा पुरत नाही. उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी आणि प्रथिनं जात राहतात, जंतू आत शिरतात, वेदना थांबत नाहीत. २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकारानं इथे त्वचापेढी उभी राहिली. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा अगदी पातळ थर काढतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत, रक्त येत नाही, देह विद्रूप होत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलच्या द्रावणात शीतपेटीत वर्षानुवर्षं टिकते आणि तिला रक्तगट जुळवावा लागत नाही. ती जखमेवर कायमची राहत नाही. पण जे दोन-तीन आठवडे रुग्णाला जगवायचे असतात, तेवढे ती निभावून नेते. नेत्रदानाबद्दल बोलणाऱ्या मराठी घरांत त्वचादानाची चर्चा अजून फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

घात झाला की

पूर्व द्रुतगती मार्ग, पनवेलकडे जाणारा महामार्ग, मध्य आणि हार्बर रेल्वे सायनच्या आसपास एकत्र येतात. त्यामुळे रस्त्यावर चिरडलेला आणि लोकलमधून पडलेला माणूस बहुतेक वेळा सायनच्या कॅज्युअल्टीत येतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, जखमी वेगळे. त्यांतल्या अनेकांना येताना नावही सांगता येत नाही. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०’ एवढ्यावर केस पेपर निघतो आणि शस्त्रक्रिया सुरू होते. सही करायला नातेवाईक नाही, पैसे भरायला कोणी नाही, आणि तरीही कोणी थांबून राहत नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. माटुंग्यापासून मिरा रोडपर्यंत जखमी माणसं रुळांवर पडली होती. भाभा, कूपर, भगवती, सायन, केईएम अशी एकाच व्यवस्थेतली रुग्णालयं रेल्वेमार्गाच्या कडेनं होती, म्हणून त्या रात्री जखमी वाटले गेले आणि जवळच्या जवळ उपचार मिळाले. १९९३ च्या स्फोटांत आणि २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत जखमींचा मोठा भार केईएमनं घेतला. अशा दिवशी रक्तपेढीबाहेर लागणाऱ्या रांगेत मुंबईचा सगळा समाज उभा असतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे लेप्टोची, साथ आली. गुडघाभर पाण्यातून घरी गेलेली तरुण मुलं आठ-दहा दिवसांनी ताप आणि कावीळ घेऊन आली. कुणाची मूत्रपिंडं बंद पडलेली, कुणाच्या फुप्फुसांत रक्तस्राव. तेव्हापासून दर पावसाळ्यात वॉर्ड रिकामे करून ठेवणं, डायलिसिसची तयारी, दवाखान्यांतून प्रतिबंधक गोळ्या वाटणं हा या व्यवस्थेचा नेहमीचा दिनक्रम झाला आहे.

आणि जिथे इतके रुग्ण, तिथे नवं शोधण्याची हिंमतही आली. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत माणसाचं हृदय बदललं. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ती शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. हृदयदान ज्यावर अवलंबून असतं, त्या मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता देशात १९९४ मध्ये आली, म्हणजे सेन यांचा चमू पाव शतक पुढे होता. आज पश्चिम भारताच्या अवयवदानाचं समन्वय केंद्र केईएममध्येच आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला शास्त्रीय नोंदींसह झालेला देशातला पहिला टेस्ट ट्यूब बेबीचा जन्मही केईएममधला. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं काम होतं. एका महापालिकेच्या रुग्णालयात, एवढ्या गर्दीत, हे घडलं.

सिस्टर, मामा, मावशी

वॉर्डात सगळ्यांना नाती असतात. परिचारिका सिस्टर, वॉर्डबॉय मामा, आयाबाई मावशी. डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्र काढायची असते ती या तिघांनी.

२७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्येच अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं अमानुष हल्ला केला. ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. पुढची जवळपास ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला ती गेली तोवर, केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलं नव्हतं, अशा मुली नोकरीला लागल्या, तिला भरवलं, पुसलं, कूस बदलली आणि त्यांतल्या काही निवृत्तही झाल्या. इतकी वर्षं खाटेवर राहूनही तिला शय्याव्रण झाले नाहीत. ७ मार्च २०११ ला दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेचा गौरव केला आणि तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. तिला सुरक्षा देण्यात रुग्णालय कमी पडलं होतं, हेही तितकंच खरं. त्या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत, कारण रात्रपाळीच्या परिचारिकेच्या सुरक्षेचा प्रश्न आजही देशभर जळता आहे.

परत न पाठवण्याची किंमत वॉर्डात दिसते. प्रत्येक युनिटचा आठवड्यात एक इमर्जन्सीचा दिवस असतो. त्या दिवशी कॅज्युअल्टीतून येणारा प्रत्येक रुग्ण त्या युनिटचा. रात्री आठपर्यंत खाटा भरतात. मग दोन खाटांच्या मध्ये गादी पडते, तिला ‘फ्लोअर बेड’ म्हणतात. सिस्टर खाली बसून सलाइन लावते. पंचविशीतला निवासी डॉक्टर गुडघ्यांवर टेकून स्टेथोस्कोप लावतो, उठतो, पुढच्या गादीपाशी पुन्हा टेकतो. सकाळपर्यंत त्यानं असे तीस-चाळीस रुग्ण पाहिलेले असतात आणि नऊला पुन्हा ओपीडी असते. एखाद्या नातेवाइकाचा राग उसळला, तर समोर तोच सापडतो. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांनंतर होणाऱ्या ‘मार्ड’ या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपांकडे पाहताना ही रात्र डोळ्यांसमोर असायला हवी.

ओपीडीच्या एका कोपऱ्यात समाजसेवा विभागाचं टेबल असतं. इम्प्लांट, स्टेंट, महागडं इंजेक्शन असं जे रुग्णालयात मिळत नाही, त्याची चिठ्ठी घेऊन माणूस तिथे येतो. सोशल वर्कर आधी रेशनकार्ड पाहते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, नाही तर गरीब रुग्णांसाठीच्या पुअर बॉक्स फंडातून काही देता येतं का, तेही नाही तर सिद्धिविनायक न्यासासारख्या ठिकाणी अर्ज. अशा कागदांसाठी गावाकडचा माणूस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा फुटपाथवर दिवस काढतो. वॉर्डात ‘डामा’ हा शब्द रोज ऐकू येतो, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता रुग्ण घरी नेणं. त्यातले बरेच जण सल्ला मानायला तयार असतात. त्यांचे पैसे आणि सुटी संपलेली असते.

खालची पायरी

मग एवढी गर्दी केईएमलाच का? या प्रश्नाचं उत्तर परळमध्ये मिळणार नाही. ते गोवंडी, मालवणी, मानखुर्द, दहिसर इथे आहे.

व्यवस्थेची रचना उत्तम आहे. ताप-खोकल्याला, साखर-रक्तदाबाला दवाखाना. साध्या बाळंतपणाला प्रसूतिगृह. हर्निया, न्यूमोनिया, हाड मोडणं याला उपनगरीय रुग्णालय. त्यापुढचं अवघड ते केईएम-सायन-नायर-कूपरला. प्रत्यक्षात दवाखाना अनेक ठिकाणी दुपारीच बंद होतो, आणि रोजंदारीवरचा माणूस मोकळा होतो संध्याकाळी. उपनगरीय रुग्णालयात इमारत नवी असते, पण भूलतज्ज्ञ नसतो, किंवा नवजात बाळासाठी अतिदक्षता कक्ष पुरत नाही. मग केस पेपरवर एक शब्द उमटतो: ‘रेफर’. ॲम्ब्युलन्स परळच्या दिशेनं निघते आणि सायनच्या पुलावर अडकते. ज्या बाळाला घाटकोपरला वाचवता आलं असतं, त्याच्यासाठी सायनमध्ये खाट शोधावी लागते. एमआरआयसाठी पुढची तारीख मिळते, कारण शहरभरचे रुग्ण त्याच दोन-चार यंत्रांपुढे उभे असतात.

महाविद्यालयांनी वस्तीत जाऊन काम करून दाखवलं आहे. सायनचं धारावीतलं नागरी आरोग्य केंद्र, जे वस्तीत ‘छोटा सायन’ म्हणून ओळखलं जातं, आणि केईएमचं मालवणीतलं केंद्र ही त्याची उदाहरणं. ‘आपला दवाखाना’ योजनेतून दोनशेहून अधिक ठिकाणी संध्याकाळचे उपचार आणि मोफत तपासण्या सुरू झाल्या. ही दिशा बरोबर आहे. पण कंत्राटी डॉक्टर टिकले, औषधं संपली नाहीत आणि केस पेपरची माहिती वरच्या रुग्णालयापर्यंत पोहोचली, तरच तिचा उपयोग होईल.

औषधांचंही तसंच. बाहेरून औषधं आणायची चिठ्ठीच द्यायची नाही, असं ‘झीरो प्रिस्क्रिप्शन’ धोरण महापालिकेनं जाहीर केलं. निविदा वेळेत निघाली नाही, पुरवठादारांची बिलं थकली, की हे धोरण कागदावर राहतं आणि रुग्ण मेडिकलच्या दुकानात. पैसा नाही असंही नाही. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे गेला आणि त्यातले सात हजार कोटींहून अधिक आरोग्याला मिळाले. पुलांना आणि रस्त्यांना पैसा तातडीनं मिळतो. रिकामी पदं भरायला आणि औषध वेळेवर घ्यायला तशीच तातडी दाखवायला हवी.

मध्यंतरी काही उपनगरीय रुग्णालयं खासगी भागीदारीत द्यावीत असे प्रस्ताव आले आणि वस्त्यांतून त्याला विरोध झाला. तो विरोध रास्त आहे. खालची पायरी परक्या हातात गेली आणि तिथे खाटांची सरकारी-खासगी वाटणी झाली, तर परत न पाठवण्याचा नियम तिथेच मोडतो, आणि मोडलेल्या नियमाचा सगळा भार पुन्हा परळ आणि सायनच्या फ्लोअरवर येतो.

इथे मुंबईतल्या मराठी मध्यमवर्गाला एक गोष्ट सांगायची आहे. आपल्यातले कित्येक जण या रुग्णालयांत जन्मले, कित्येकांचे वडील-काका इथे शिकून डॉक्टर झाले. मेडिक्लेम आला आणि आपण तिथून बाहेर पडलो. आपल्याबरोबर तक्रार करणारा, पत्र लिहिणारा, नगरसेवकाला अडवणारा आवाजही बाहेर पडला. मागे राहिलेल्यांना तक्रारीसाठी दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. वॉर्डातल्या दवाखान्याबद्दल विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता. पण बॉम्बस्फोट, महापूर, साथ यांपैकी काहीही आलं, की आपणही त्याच दारात उभे असतो. विमा असलेल्या माणसालाही २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनची खाट शोधताना महापालिकेच्या वॉर्ड वॉर रूमला फोन करावा लागला होता.

म्हणून मागणी नेमकी असू द्या. प्रत्येक रुग्णालयानं दर महिन्याला किती पदं रिकामी आहेत, कोणती औषधं संपली आहेत, एमआरआयला किती दिवस लागतात आणि किती रुग्ण वरच्या रुग्णालयाला पाठवले, हे दारावर लावावं. प्रत्येक दवाखाना संध्याकाळी उघडा राहावा. प्रत्येक उपनगरीय रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा पूर्ण कक्ष असावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या वॉर्डातल्या दवाखान्याची वेळ आणि तिथल्या डॉक्टरांची संख्या विचारावी.

२०२६ हे केईएमच्या शताब्दीचं वर्ष. मोठ्या वास्तू आणि नवी यंत्रं यायलाच हवीत. पण शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था गिरणी कामगारांच्या वस्तीत बांधली, त्यांनी रुग्णालय रुग्णाच्या जवळ नेलं होतं. आज तो कामगार परळमध्ये राहत नाही. तो मानखुर्दला, मालवणीला, दहिसरच्या टोकाच्या वस्तीत राहतो. त्याच्या गल्लीतल्या दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता डॉक्टर भेटला आणि जवळच्या रुग्णालयात त्याच्या बायकोचं बाळंतपण सुखरूप झालं, तर केईएमच्या फ्लोअरवरची गादी आपोआप कमी होईल. शताब्दीचा खर्च तिथूनच सुरू व्हायला हवा.